खाज लेकराला, बोल आईला

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो, दुपारी रेशनवर बोलणार आहोत. मधल्या या तासाला माझा विषय आहे : मुलाच्या अंगावर काहीतरी चावल्यासारखं उठलं, खाज सुटली, तर ते कशामुळे हे कसं ओळखायचं. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत थोडं हसू फुटलं. तेही बरोबरच आहे. डास, ढेकूण आणि खरूज हे काय चळवळीचे विषय आहेत, असं कुणालाही वाटेल.

समाजकार्याचं शिक्षण संपवून मी वस्तीत काम करायला लागले त्याला आता बारा वर्षं होतील. या काळात बायका माझ्याकडे मारहाणीची तक्रार घेऊन आल्या, दारूची घेऊन आल्या, रेशनकार्डावर नाव नाही म्हणून आल्या. पोराच्या अंगावरच्या फोडांची तक्रार घेऊन मात्र सहसा कुणी येत नाही. ते बोलण्याच्या ओघात, हळूच कळतं. कारण त्याची लाज वाटते. मूल खाजवायला लागलं की पहिलं बोट आईकडे जातं. सासू म्हणते, हिला स्वच्छतेची सवयच नाही. बालवाडीच्या बाई म्हणतात, जरा अंघोळ घालत जा. दवाखान्यात हातभर लांबून बघतात आणि सांगतात, घर साफ ठेवा. आई मान खाली घालून घरी येते आणि पोराला घासून घासून आणखी एकदा साबण लावते.

आता मला सांगा, यात कारण कुणी शोधलं? डासाचं कारण वेगळं, ढेकणाचं वेगळं, खरजेचं वेगळं. उपाय तर पूर्णच वेगळे. ‘अस्वच्छता’ हा शब्द उच्चारला की शोध तिथंच थांबतो आणि आईला दोष देऊन सगळे मोकळे होतात. म्हणून हा विषय आपला आहे.

एक उदाहरण सांगते. चार वर्षांची मुलगी. हातावर, मानेवर, गालावर लाल फोड, काही ठिकाणी ओळीनं तीन-चार. रात्रभर खाजवते, सकाळी रडते. आजीचं म्हणणं, आईनं गरोदरपणात वांगी खाल्ली, पोरीच्या अंगात उष्णता आहे. बालवाडीनं सांगितलं, बरी होईपर्यंत पाठवू नका, इतर मुलांना होईल. एका दवाखान्यातून खरजेचं औषध मिळालं. ते तीन वेळा लावलं. फोड तसेच. मुलगी घरी, म्हणून आईची धुण्याभांड्याची दोन कामं बुडाली.

मी तिच्याशी बसून बोलले. फोड कधी दिसतात? ती म्हणाली, ‘सकाळी नवे असतात, संध्याकाळपर्यंत जरा बसतात.’ अंगावर कुठं? ‘उघड्या अंगावर. झग्याच्या आत एकही नाही.’ आणखी कुणाला? ‘कुणालाच नाही.’ ती झोपते कुठं? ‘आजीजवळ, पलंगावर. आम्ही खाली झोपतो.’ कधी मध्ये थांबलं होतं का? ‘दिवाळीत मामाकडे चार दिवस होतो, तेव्हा नवं काही उठलं नाही.’ आणि पलंग कधीचा? दसऱ्याच्या सुमाराला ती काम करायची त्या घरातून आलेला, जुना, लाकडी.

पलंग उलटा केला. फळ्यांच्या सांध्यात शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग होते, आणि खाचेत ढेकूण.

या सगळ्यात माझी हुशारी काहीच नाही. सगळी माहिती त्या आईकडे होती. तिनं दिवाळीतले चार दिवससुद्धा लक्षात ठेवले होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं. पलंगाचा बंदोबस्त झाला, मुलगी बालवाडीत जायला लागली. आईच्या दोन कामांपैकी एक मात्र परत मिळालं नाही. एका चुकीच्या निदानाची किंमत तिच्या पगारातून गेली, हे आपण नोंदवून ठेवलं पाहिजे.

तर विचारायचे प्रश्न पाच. वहीत लिहून घ्या.

एक, नवे फोड कधी दिसतात? सकाळी, संध्याकाळी, की केव्हाही?
दोन, अंगावर कुठं? उघड्या भागावर, कपड्याखाली, बोटांच्या बेचक्यात, की घोट्याजवळ?
तीन, घरात किंवा शेजारी आणखी कुणाला खाज आहे का, आणि ती कधीपासून?
चार, मूल झोपतं कुठं, कुणाजवळ, आणि खेळतं कुठं?
पाच, सुरू होण्याआधी काय बदललं? घर, बिछाना, जुनी खाट, पाहुणे, कुत्रं, मांजर, शेळी, उंदीर, की मूल कुठं जाऊन आलं?

आता एकेका चावणाऱ्याकडे या प्रश्नांतून पाहू.

डास सगळ्यांच्या ओळखीचा. उघड्या अंगावर, सुटा सुटा फोड, लगेच खाज, एक-दोन दिवसांत बसतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

ढेकूण रात्री, बहुधा पहाटेच्या आधी बाहेर येतो. फोड उघड्या भागावर, पुष्कळदा ओळीनं किंवा घोळक्यानं. चादरीवर रक्ताचे बारीक डाग, खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत काळे ठिपके. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ढेकूण चावला तरी सगळ्यांच्या अंगावर उठत नाही. एकाच बिछान्यात झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग फोडांनी भरतं आणि दुसऱ्याला पत्ताही नसतो. त्या आजीचं तसंच होतं. त्यामुळे ‘एकट्या पोरालाच कसं होईल’ या सवालानं ढेकणाला सोडून देऊ नका. ढेकणामुळे एकाचा रोग दुसऱ्याला होतो असं दिसलेलं नाही. पण झोप जाते, आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळतात.

पिसवा खालून येतात. घोट्याजवळ, पोटऱ्यांवर बारीक फोड, मधोमध टिंब. रांगणाऱ्या बाळाला मात्र कुठंही. घरात कुत्रं-मांजर असेल, दाराशी शेळ्या असतील, माळ्यावर उंदीर असतील, तर पिसवांचा विचार करा. एकदम उंदीर मरून पडायला लागले आणि पिसवा वाढल्या, तर ही घरातली भानगड न समजता आरोग्य केंद्राला कळवायची गोष्ट आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचा संशय जाहीर होण्याआधी गावकऱ्यांनी याच दोन गोष्टींची तक्रार केली होती.

उवा डोक्यात असतात हे सांगायला नको, पण खाजेचे फोड मानेच्या मागं आणि कानामागं येतात. तिथं फोड दिसले तर आधी केसांत लिखा बघा. डोक्याला रॉकेल लावू नका. कातडी भाजते, आणि चुलीजवळ बसलेल्या मुलीचं काय होईल ते सांगायला नको.

रानात, गवतात जाणाऱ्या मुलांच्या अंगाला गोचीड चिकटते. तसाच डोळ्यांना न दिसणारा एक बारीक किडा झुडपांत असतो. तो चावला की कधी कधी सिगारेटनं चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते, ती दुखतही नाही. काही दिवसांनी जोराचा ताप येतो. हा स्क्रब टायफस. २०१८ साली विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. अशी खपली आणि ताप एकत्र दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा आणि खपली स्वतःहून दाखवायची, कारण ती काखेत, जांघेत लपलेली असते. गोचिडीपासून होणारा माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आला होता. काजूच्या बागांत कामाला जाणाऱ्या बायकांना हे ठाऊक हवं.

काही वेळा किडा चावलेलाच नसतो. अंगावर पित्त उठतं, त्याच्या गांधी आणि चावल्याचे फोड सारखेच दिसतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. दोन-तीन फोडांभोवती बॉलपेननं गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. गोलातली गांध पूर्ण गेली आणि नवी भलतीकडेच उठली, तर ते बहुधा पित्त. फोड गोलातच बसून असला, तर चावा किंवा दुसरं काही. ताप आणि पाणी भरलेल्या पुटकुळ्या पोटा-पाठीवर आल्या तर कांजिण्या असू शकतात.

आणखी एक गोष्ट खूप आयांना दिलासा देईल. साधारण दोन ते सात-आठ वर्षांच्या काही मुलांचं अंग किड्याच्या चाव्याला फार चिडतं. नवा डास एका जागी चावतो आणि आठवड्यापूर्वीचे जुने फोडही पुन्हा लाल होऊन खाजायला लागतात. पाहणाऱ्याला वाटतं, याला रोज शंभर किडे चावतात. प्रत्यक्षात चावलेला असतो एखादाच. मूल मोठं होतं तसा हा त्रास कमी होतो. तोवर मच्छरदाणी, अंगभर सुती कपडे, कापलेली नखं आणि फोडावर ओला गार फडका.

आता खरूज. हिला मी जास्त वेळ देणार आहे, कारण सगळ्यांत जास्त लाज हिच्याभोवती आहे.

खरजेचा जीव कीटक नव्हे, कोळी आणि गोचीड यांच्या जातीचा आहे. साध्या डोळ्यांना जेमतेम टिंबाएवढा. मादी कातडीच्या वरच्या थरात बारीक बोगदा करते आणि तिथं अंडी घालते. नेहमीच्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून अशा माद्या दहा-पंधराच असतात. खाज होते ती त्यांच्याविरुद्ध शरीर चिडतं म्हणून. खाज रात्री वाढते. जागा ठरलेल्या : बोटांची बेचकी, मनगट, कोपर, काख, कंबर, बेंबीभोवती, जांघ, पुरुषांत लिंगावर, बायकांत स्तनांच्या बोंडांभोवती. तान्ह्या बाळांत तळहात, तळपाय आणि डोक्यावरही. घरात दोघा-तिघांना रात्री खाज असेल आणि बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, तर खरजेचा संशय पक्का धरा.

पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज पोर खाजवतंय, बाकी घर शांत आहे, तरी बाकीच्यांच्या अंगात ती आधीच शिरलेली असू शकते. म्हणून एकट्या पोराला औषध लावून भागत नाही. आणि ज्याला आधी खाज सुटली त्यानंच ती आणली असं म्हणता येत नाही. माहेराहून आली, मोलकरणीनं आणली, अमक्या जातीच्या पोरामुळे आली, ही सगळी बोलणी इथंच थांबवायला हवीत.

ती पसरते कातडीला कातडी काही वेळ लागून राहिल्यानं. एका पांघरुणात चौघं झोपतात, मूल आईच्या कुशीत असतं, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, त्यातून. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं झोपतात हे तिचं खरं कारण आहे, आणि ती खोली त्या आईनं निवडलेली नाही. पाणी आणि साबण लागतो तो खाजवून झालेल्या जखमा चिघळू नयेत म्हणून. त्यासाठी नळाला पाणी मागायचंच. पण पाणी नाही म्हणून खरूज झाली असं सांगून औषध टाळू द्यायचं नाही.

खरूज जांघेत, स्तनावर होते म्हणून आणखी एक संकट येतं. वयात आलेल्या मुली सांगत नाहीत. बायका सांगत नाहीत. आणि नवऱ्याला दिसलं की तो विचारतो, हे कुठून आणलंस? एका लग्न झालेल्या मुलीला याच कारणावरून माहेरी पाठवलेलं मी पाहिलं आहे. तिच्या दोन्ही मुलांच्या बोटांत तेच पुरळ होतं, ते कुणी पाहिलं नाही. शरीरसंबंधातून खरूज लागू शकते हे खरं, पण एका अंथरुणात झोपणाऱ्या घराला त्यासाठी दुसरं कारण शोधावं लागत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असं प्रकरण आलं, तर समेटाची बोलणी नंतर, आधी घरातल्या सगळ्यांचे हात तपासा.

औषधाचं सांगते. सगळ्यात जास्त दिलं जातं ते ५ टक्के परमेथ्रिनचं मलम. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली, जांघेत, बेंबीत सगळीकडे लावायचं, आठ ते चौदा तास ठेवून मग धुवायचं. लहान मुलांच्या डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावतात, डोळे आणि तोंड सोडून. एक आठवड्यानं पुन्हा एकदा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका, त्याच्यासाठी गंधकाचं मलम असतं. बेंझिल बेंझोएट स्वस्त आहे, पण आग करतं आणि मुलांसाठी पातळ करावं लागतं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावर ठरतात. पंधरा किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत. गॅमा बीएचसी, म्हणजे लिंडेन, पूर्वी सर्रास वापरायचे. त्याचा मुलांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. कीटकनाशक म्हणून आपल्या देशात त्यावर बंदी आली आहे. कुठं जुनी बाटली असेल तर वापरू नका.

आता हे ‘सगळ्यांनी एकाच रात्री’ घरात कसं घडतं ते पाहू. एक ट्यूब मिळते. ती पोराला लागते, उरलेली धाकट्याला. नवरा म्हणतो, मला काही झालेलं नाही. सासरे म्हणतात, हे बायकांचं काम. बाईनं लावलं तरी ती रात्री अकराला भांडी घासते, पहाटे पाचला पाणी भरते, बाळाला धुते. हातावरचं मलम केव्हाच गेलेलं असतं, आणि खरजेची मुख्य जागा हातच. एका खोलीत, सासऱ्यांसमोर, तिनं पूर्ण अंगाला मलम लावायचं तरी कुठं आणि केव्हा? तीन आठवड्यांनी सगळ्यांना परत खाज सुटते आणि लोक म्हणतात, हिनं नीट लावलं नाही.

म्हणून औषधाची चिठ्ठी हातात आली की आपण तीन गोष्टी जमवायच्या. एक, घरातल्या डोक्यांइतकं औषध, पुरुष धरून. दोन, त्या रात्री भांडी आणि पाणी दुसऱ्या कुणीतरी बघायचं, किंवा हात धुतल्यावर प्रत्येक वेळी हाताला पुन्हा मलम लावायचं. तीन, बायकांना लावायला शेजारच्या कुणाची तरी मोरी किंवा खोली अर्धा तास. हे गटाला सहज जमण्यासारखं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईनं पाजण्याआधी स्तनावरचं मलम पुसून घ्यावं.

आणि गोधड्यांचं काय? खरूज म्हटलं की घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या, पडदे उकळायला बाईला बसवतात. सरपण तिचं, पाणी तिचं, कंबर तिची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञानं स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्यांच्या पांघरुणात निरोगी माणसांना झोपवून पाहिलं. पांघरुणातून खरूज क्वचितच लागली. ती लागत होती ती माणसाच्या जवळिकीतून. अंगाबाहेर हा जीव साधारण दोन-तीन दिवसच जगतो. म्हणजे शेवटच्या तीन दिवसांतले अंगावरचे कपडे आणि चादर गरम पाण्यात धुवून उन्हात घालायची. जी गोधडी धुणं शक्य नाही ती चार-पाच दिवस पिशवीत बांधून बाजूला ठेवायची. एवढं पुरतं. बाईची ताकद धुण्यात न घालवता नवऱ्याला मलम लावायला बसवण्यात घालवा.

औषधानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते. जीव मेलेला असतो, कातडी शांत व्हायला वेळ घेते. हे न सांगितल्यामुळे लोक रोज मलम चोळत राहतात आणि अंग आणखी सोलतं. चार आठवड्यांनंतरही नवे फोड येत असतील तर परत दाखवा. दुकानदाराकडून ‘खाजेची ट्यूब’ विकत आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, खरं कारण झाकलं जातं आणि आजार आत वाढत राहतो.

ढेकणांच्या बाबतीत एक कडक सूचना. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, ज्यांतून फॉस्फिन वायू निघतो, त्या ढेकणांसाठी खोलीत ठेवल्यामुळे आपल्याकडे माणसं आणि मुलं मेली आहेत. वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीतही जातो, आणि त्यावर उतारा नाही. शेतातलं फवारणीचं औषध गादीवर मारू नका. ढेकूण आणि त्याची अंडी उष्णतेनं मरतात. खाट उघडी करून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, चादरी उकळत्या पाण्यात, भेगा बुजवायच्या, खाट भिंतीपासून लांब. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून हे आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा करावं लागतं. उकळतं पाणी ओतताना मुलं बाहेर. आणि चाळीत एका खोलीनं करून उपयोग नाही, ओळीनं सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं.

ही सगळ्यांनी एकदम करण्याची गोष्ट खरजेलाही लागू आहे. फिजी बेटांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथं एका बेटसमूहावर खाज असो वा नसो, सगळ्या लोकांना आयव्हरमेक्टिन दिलं. वर्षभरात खरजेचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. जिथं फक्त आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना नेहमीप्रमाणे औषध दिलं, तिथं ते साधारण निम्मंच झालं. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. तेव्हा आश्रमशाळेत, वसतिगृहात, ऊसतोडणीच्या तळावर खरूज पसरली तर प्रत्येक आईला वेगळं झापण्याऐवजी सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या, ही मागणी आपण हक्कानं करू शकतो.

जाता जाता एक जुनी हकीकत. १६८७ साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरनं आणि चेस्तोनी नावाच्या औषधी बनवणाऱ्यानं खरजेचा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन केलं. त्यांना तो शोधावासा का वाटला? गरीब बायका आपल्या मुलांच्या अंगातून टाचणीच्या टोकानं काहीतरी बारीक काढतात आणि नखावर चिरडतात, हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. पुढं दीडशे वर्षं बहुतेक डॉक्टर खरूज रक्त बिघडल्यानं होते असंच मानत राहिले. १८३४ साली रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं पॅरिसच्या रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईनं तो जीव काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही रीत त्यानं आपल्या कॉर्सिका बेटावरच्या गरीब बायकांकडे पाहिली होती. त्या बायकांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

दवाखान्यात तातडीनं कधी न्यायचं ते सांगून थांबते. फोडांत पू झाला, भोवती लाली पसरली, ताप आला तर. खरजेच्या जखमा चिघळल्यानंतर तोंडावर, पायावर सूज आली, लघवी लाल किंवा चहासारखी झाली तर. तो मूत्रपिंडाला धोका आहे. आणि काही चावल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर एक मिनिटही थांबायचं नाही.

तुमच्यातल्या काही जणी अंगणवाडीत आहात, काही आशा आहात. तुमच्याकडे विनंती आहे. खाजणाऱ्या मुलाला घरी पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारा. खरूज असेल तर पहिलं औषध लागल्यानंतर दुसऱ्या दिवशी मूल परत बसू शकतं, हे आईला सांगा. ढेकूण किंवा डास असेल तर घरी पाठवायचं कारणच नाही. बाकीच्यांनी गटाच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न फळ्यावर लिहा आणि आपापल्या गल्लीत किती मुलांना खाज आहे, आरोग्य केंद्रात कोणतं औषध किती शिल्लक आहे, याची यादी करा. तीन महिन्यांनी आपण परत भेटू, तेव्हा ती यादी घेऊन या. मग औषधाचा अर्ज एकत्र लिहू.